टी-नऊमधली शिट्टी

"ताई, शिट्टी येतेय."

हर्षलाने हेडफोन एका कानावरून मागे सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या टेबलावर डायलची काच पुसत बसले होते. हातातलं फडकं मी खाली ठेवलं नाही.

"कसली शिट्टी?"

"बारीकशी. खूप वरची. ती बाई बोलतेय ना, तिच्या मागे. डावीकडे जरा जास्त."

"आण इकडे."

हेडफोन कानांवर चढवला तर पट्टा आखूड केलेला. हे तिचं रोजचं होतं. डोकं लहान, म्हणून पट्टा ओढून घ्यायचा आणि काम झालं की तसाच खिळ्याला अडकवायचा. दहा वर्षं त्या खिळ्यावर माझ्या मापाचा पट्टा लटकत होता. मी तो मुद्दाम सावकाश, तिला दिसेल असा सैल केला आणि ऐकायला लागले. निवेदिका कुठल्याशा कार्यक्रमाची वेळ सांगत होती. आवाज स्वच्छ, मागे काही नाही.

"काही नाहीये."

"दिवा लागला की येते, ताई. हे बघा." तिने पुढे वाकून स्टिरिओचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पॅनलवरचा तांबडा दिवा लागत-विझत राहिला. "आता नाही... आता आहे... आता नाही..."

मला 'आहे' आणि 'नाही' यांत तसूभर फरक कळत नव्हता.

"तुझे कान वाजतायत," मी म्हटलं. "नीट झोपत जा जरा."

ही गोष्ट पंच्याण्णव सालची. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये 'स्वरगंध' नावाचं आमचं छोटंसं वर्कशॉप होतं. नऊ माणसं, वर पत्रे, आणि आम्ही ट्यूनर बनवायचो. ट्यूनर म्हणजे काय हे त्या काळीही लोकांना समजावून सांगावं लागे. तो नुसता स्टेशन पकडतो. स्वतः बोलत नाही, त्याला स्पीकर नसतो. पकडलेला आवाज तो अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करतो. एवढ्याशा कामासाठी एवढी मोठी पेटी कशाला, असं माझी जाऊ विचारायची. मी तिला सांगायची, भात सगळेच शिजवतात, तरी शीत न् शीत मोकळं कितीजणींचं होतं?

आमचे मालक दातीर साहेब. ट्यूनरचं डिझाइन त्यांचं, आणि नवीन टी-नऊ हा त्यांचा जीव की प्राण. तीन वर्षं ते त्याच्यामागे होते. त्याचा स्टेशन लावायचा नॉब म्हणजे चांगला मूठभर, भरीव पितळेचा. बोटाने नुसता झोका द्यायचा, की आतलं जड चाक फिरत राहायचं आणि काटा डायलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद घसरत जायचा. डायलच्या काचेमागे मंद हिरवा उजेड. दोन छोटे मीटर, एक स्टेशन किती जोरात येतंय ते सांगणारा आणि दुसरा आपण त्याच्या बरोबर मध्यावर आहोत का ते. दोन स्टेशनांच्या मधली खरखर गिळून टाकणारं एक बटण. शेजारचं दांडगं स्टेशन घुसखोरी करत असेल तर त्याला बाहेर ठेवणारं दुसरं. दोन्ही बाजूंना सागवानी फळ्या, त्याही साहेबांनी स्वतः निवडलेल्या. त्या वर्षी बाहेरून आलेला चकचकीत माल बाजारात ओतला जात होता, आणि साहेब म्हणायचे, "त्यांच्याकडे दिवे जास्त असतील. आपल्याकडे आवाज आहे."

आणि तो आवाज बरोबर आहे की नाही, हे मी ठरवायची. फुशारकी म्हणून नाही सांगत. साहेबांनी साठी ओलांडली होती, त्यांना स्वतःच्या कानांचा भरवसा उरला नव्हता. मीटर जे सांगायचं ते मीटर सांगे, त्यानंतर ते म्हणत, "कुंदा, ऐक जरा." मी ऐकायची. मी मान हलवली तर सेट पुढे, नाही हलवली तर परत टेबलावर. मी आठवी पास. आधीची सहा वर्षं पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात, धाड-धाड प्रेससमोर काढलेली. आणि इथे इंजिनियर साहेब माझ्या मानेकडे बघत उभे राहायचे. माझ्या सासरी-माहेरी माझा शब्द कोणी इतका झेलला नव्हता.

अलाइनमेंट म्हणजे ट्यूनरच्या आतल्या कॉइल नेमक्या जागी आणून ठेवणं. प्रत्येक कॉइलच्या पोटात एक काळी कांडी असते. प्लॅस्टिकच्या पेचकसाने ती केसभर फिरवायची, इकडे किंवा तिकडे. जागेवर आली की ती हलू नये म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचा एक थेंब, हेच आमचं सील. आमच्याकडे रीत अशी, की जिने अलाइन केलं तिचा स्वतःचा रंग. सेट पुढेमागे परत आला, झाकण उघडलं, की रंग बघूनच कळावं कोणाचा हात. दहा वर्षं वर्कशॉपमध्ये एकच रंग होता. डाळिंबी. माझा.

आणि मग ही हर्षला तांडेल आली. चेंदणी कोळीवाड्यातली, बावीस वर्षांची, आयटीआय झालेली. सोल्डरिंगसाठी घेतली होती. चारच महिन्यांत साहेब म्हणायला लागले, "कुंदा, ऐक जरा. हर्षला, तूही ऐक."

'तूही' हा शब्द मला किती झोंबला, हे सांगायची आता लाज वाटत नाही. घरी भाकरी थापतानाही तो माझ्या डोक्यात असायचा. पोरगी वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती माझ्यासाठी डब्यात सुकट आणायची, काम अडलं की "ताई, दाखवा ना" म्हणून जवळ येऊन बसायची. ती जितकी गोड वागायची तितका माझा जळफळाट वाढायचा.

तर शिट्टी.

साहेब चहाचा पेला घेऊन आले. "काय चाललंय?"

"हर्षलाला शिट्टी ऐकू येतेय," मी म्हटलं. 'हर्षलाला' वर थोडा जोर दिला.

साहेबांनी हेडफोन लावला. त्यांना काही ऐकू येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी तो काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काही नाही म्हणून.

"कुंदा नाही म्हणते म्हणजे नाही," ते म्हणाले. "सोमवारी वखारिया शेठकडे पाठवायचा आहे. ते आठ दिवस घरी लावून ऐकणार. त्यांना पटला तर ते दुकानात ठेवतील, आणि त्यांनी ठेवला तर मग बाकीचे ठेवतील. आणि नाही पटला, तर मला टी-नऊ बंद करून चार्जर बनवावे लागतील. तेव्हा नीट बघा दोघी."

'दोघी.'

दुपारी सगळे डबे घेऊन बाहेर झाडाखाली गेले. मी डोकं दुखतंय म्हणून आतच राहिले. खरं म्हणजे मला तिची चूक सप्रमाण पकडायची होती. ट्यूनर लावला, दिवा लागू दिला, ऑसिलोस्कोपची वायर जोडली. स्कोप म्हणजे आवाज पडद्यावर रेघेसारखा दाखवणारं यंत्र. नेहमीच्या तपासणीत आम्ही तो एका ठरावीक खुणेपर्यंतच वाढवायचो. मी तो वाढवत अगदी शेवटपर्यंत नेला. निवेदक थांबला, क्षणभर शांतता आली, आणि पडद्यावरच्या सरळ रेघेला बारीक दाते दिसले. करवतीच्या पात्याला असतात तसे, एकसारखे.

मी पडद्यावरच्या चौकटींवरून हिशेब केला. सेकंदाला बारा हजार कंपनं.

मग मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती किंवा कितीतरी आधी करायला हवी होती. हेडफोन सिग्नल जनरेटरला, म्हणजे हवा तो सूर काढून देणाऱ्या यंत्राला, जोडला आणि आकडा बारा हजारावर ठेवला. काही नाही. आवाज वाढवला, काही नाही. अकरा हजार. दहा. मी डोळे मिटून घेतले. नऊ हजारांच्या थोडं खाली आल्यावर कुठूनतरी लांबून एक बारीक सूर आला. त्याच्या वर माझ्यासाठी काहीच उरलं नव्हतं. प्रेसची ती सहा वर्षं असतील, किंवा नुसतं वय. मी त्रेचाळीस वर्षांची होते.

बाहेर हर्षला कशाला तरी खळखळून हसली. मी जनरेटर बंद केला आणि स्कोप होता तिथे आणून ठेवला.

डबा न खाता बसले होते. मनात पहिला विचार आला तो असा, की आता साहेबांना सांगावं लागेल. दुसरा विचार आला, की सांगितलं तर उद्यापासून ते म्हणतील, "हर्षला, ऐक जरा." आणि मग मला कोण विचारणार? तिसरा विचार कुठून आला ते मला आजही ठाऊक नाही, पण तो आला तेव्हा माझं मन एकदम शांत झालं होतं, एवढं आठवतं.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मी साहेबांना म्हटलं, "साहेब, हा पहिला टी-नऊ हर्षलाला सील करू द्या."

साहेब चकित झाले. "हर्षलाला?"

"शिकली आहे आता. किती दिवस माझाच रंग? पुढच्या पिढीला पण मिळू दे की मान."

वायरिंगला बसणारे भोईरमामा म्हणाले, "याला म्हणतात मोठं मन." हर्षलाने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तिला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला किळस यायला हवी होती. आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नवी कोरी बाटली घेऊन आली, मोतिया गुलाबी रंगाची. "ताई, हा चालेल?"

"छान आहे. पण आधी शेवटचं ऐकून घे. आपल्या नावाने सेट जाणार आहे."

तिने हेडफोन लावला. मी तिच्या समोरच उभी होते. दिवा लागलेला होता. ती ऐकत राहिली. कपाळावर एक आठी आली. तिने डोळे मिटले, उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ताई... तुम्हाला नाहीच ना येत?"

"नाही."

"अजिबात?"

"अगं, दहा वर्षं हेच करतेय मी."

ती पुन्हा ऐकायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. तिला ऐकू येत होतं आणि ती ते पुसून टाकायचा प्रयत्न करत होती. मग तिने हेडफोन काढला. "नसेलच मग. माझेच कान वाजत असणार."

आणि तिने बाटली उघडून एकेका कांडीवर गुलाबी थेंब सोडला. हात किती स्थिर होता तिचा!

आठ दिवसांनी वखारिया शेठच्या माणसाने खोका परत आणून दिला. बरोबर चिठ्ठी होती. साहेबांनी ती मोठ्याने वाचली. सेट देखणा आहे, लांबची स्टेशनं स्वच्छ पकडतो, लाकूडकाम उत्तम. पण घरातली तरुण मुलं तासाभराच्या वर त्या खोलीत बसत नाहीत, सूनबाईंचं डोकं धरतं. कारण कोणाला सांगता येत नाही. क्षमस्व.

साहेब खुर्चीवर बसले. चिठ्ठीची घडी घालायची, उघडायची, पुन्हा घालायची, असं त्यांचं चाललं होतं. मग म्हणाले, "ती पोरगी काहीतरी शिट्टी म्हणाली होती ना?"

"म्हणाली होती," मी म्हटलं. "आणि मग तिनेच सील केलं."

त्यांनी तिला बोलावलं. साहेब ओरडणाऱ्यातले नव्हते, त्यामुळे ते चिडले की जास्त भीती वाटे.

"हर्षला, तुला शिट्टी ऐकू येत होती, तर सील का केलंस? आणि येत नव्हती, तर आधी सांगितलंस का?"

तिने माझं नाव घेतलं असतं तर? मी मनातल्या मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. पण तिने खाली मान घातली. "नव्हती साहेब शिट्टी. मला भास झाला होता."

"मग लोकांचं डोकं कशाने धरतं?"

"माहीत नाही."

"अलाइनमेंटला असं अर्धवट माणूस नको मला. उद्यापासून सोल्डरिंगला बस." आणि मग माझ्याकडे वळून, थकलेल्या आवाजात, "कुंदा, तूच बघ बाई आता."

घ्या. मला हवं होतं ते सगळं, हवं तसं मिळालं होतं. खिळ्यावर माझा हेडफोन, माझ्या मापाचा पट्टा. मी टेबलाशी जाऊन बसले. समोर झाकण उघडलेला टी-नऊ. त्यात काय बिघडलंय ते मला माहीत होतं, कुठली कॉइल तेही साधारण कळत होतं, आणि मी काहीच करू शकत नव्हते. केलं असतं, तर मला आधीपासून माहीत होतं हे उघड झालं असतं.

दुपारी हर्षला माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी नेहमीसारखा. स्टूल ओढून बसली.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

मला वाटलं, आता आली. आता विचारणार.

"मला शिकवाल का? शिट्टी नसताना ती ऐकू येऊ नये, म्हणून काय करायचं असतं?"

हातातला पेचकस मी टेबलावर ठेवला.

"म्हणजे मला ना, अजून येते," ती घाईघाईने म्हणाली. "आत्ता साहेबांनी लावला होता तेव्हाही आली. घरी पंख्यातून येते असं वाटतं, भावाच्या टेपमधून येते. आईला विचारलं तर ती म्हणते नाही. काल तर मी कानांत कापूस घालून झोपले. तुम्ही कसं ओळखता, ताई, कुठलं खरं आणि कुठलं भासाचं? मी शिकेन. पुन्हा अलाइनमेंटला नाही बसवलं तरी चालेल. पण हे थांबायला पाहिजे ओ."

तिने खरंच माझा हात धरला होता.

मी उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. मला फक्त तिच्या समोर आणखी एक मिनिटही बसवत नव्हतं.

"साहेब, शिट्टी आहे. स्कोपवर दाखवते."

ते आले. मी स्कोप शेवटपर्यंत वाढवला. निवेदन थांबलं तेव्हा दाते दिसले. साहेबांनी चष्मा वर करून जवळून पाहिलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तिने सील करायच्या आधीपासून."

"आणि ऐकू कधीपासून येत नाही?"

"ते नाही सांगता येत. कळलं ते त्याच दिवशी."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "तुझे कान गेले याचं मला काही नाही, कुंदा. माझेही गेले, म्हणून तर तू होतीस. पण त्या पोरीचे चांगले कान तू..." हर्षला एव्हाना बाहेर गेली होती, साहेबांनी दाराकडे बोट केलं. "तिला बोलव. आणि तूच सांग. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. सगळं, दुपारच्या जनरेटरपासून ते पाठीवर फिरवलेल्या हातापर्यंत. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्या कानाखाली आवाज काढेल. मी दोन्हीसाठी उभी होते.

"म्हणजे होती?" ती म्हणाली.

"होती."

"म्हणजे खरंच होती!" आणि तिचा चेहरा असा उजळला, की माझं पाप तिच्या खिजगणतीतही नव्हतं. राग नंतर आला. यायलाच हवा होता. तीन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, सुकटीचा डबा तर परत कधीच आला नाही. पण त्या घडीला ती नुसती आनंदाने उभी होती, आणि मी, जिने नुकतंच सगळं कबूल केलं होतं, तिच्या त्या आनंदावरही जळत होते. कबूल केलं की माणूस हलकं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही.

साहेब म्हणाले, "बसा दोघी. काढा ती शिट्टी बाहेर."

हर्षलाने स्वतःचाच गुलाबी थेंब खरवडून काढला. हेडफोन लावला, पट्टा ओढून आखूड केला. प्लॅस्टिकचा पेचकस कांडीच्या खाचेत बसवला. मी स्कोपसमोर बसले. ती केसभर फिरवी, थांबे, ऐके. पडद्यावरचे दाते बुटके होत गेले. आणखी केसभर. मग रेघ सरळ झाली, अगदी पाटीवर पट्टीने ओढावी तशी.

तिने डोळे उघडले आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, गेली?"

मी हो म्हणू शकले असते. पडदा माझ्याकडे होता, तिला दिसत नव्हता. नुसती मान हलवली असती तर मी पुन्हा पूर्वीची कुंदाताई झाले असते, निदान त्या मिनिटापुरती. मान हलणारच होती, खरं सांगते.

"मला नाही ऐकू येत," मी म्हटलं. "तू सांग."

तिने पुन्हा डोळे मिटले. मी त्या सरळ रेघेकडे बघत होते. गेली म्हणेल, अशी माझी खात्री होती.

"थोडी आहे अजून," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा कांडी फिरवायला लागली.